चढत्या चंद्रातलं लाकूड

"चंद्र म्हातारा झाला की लाकूड शहाणं होतं."

पा फिलोचं हे वाक्य आमच्या बेटावरच्या मॉर्न फिग गावातल्या कोंबड्यांनाही पाठ असेल. घराचा वासा तोडायचा असो, कोयत्याला मूठ बसवायची असो, नाहीतर कुंपणाचा खांब रोवायचा असो, तो आधी आभाळाकडे बघायचा. चंद्र चढता असला की हात मागे घ्यायचा. चढत्या चंद्रात पाणी झाडाच्या अंगात वर सरकतं, लाकूड गोड होतं, गोड लाकडाला कीड लागते, आणि कीड नाही लागली तर ते तडकतं. पौर्णिमा उलटून चंद्र झिजायला लागला की पाणी मुळांकडे उतरतं. तेव्हा तोडावं. आमच्या डोंगरात हे सगळेच मानतात. पण आम्ही मानतो ते आईबाप मानत होते म्हणून. पा फिलो मानायचा ते चंद्राला दिलेला शब्द असल्यासारखं.

त्याचं पूर्ण नाव फिल्बर्ट लॅरोंद. उंच, हडकुळा माणूस, पाय करकोच्यासारखे, पण छाती पिंपासारखी. शेत म्हणाल तर डोंगराची एक उभी पट्टी. तिथं अळकुड्या लावताना माणूस नुसता उभा राहिला तरी नाक मातीला लागावं. त्या पट्टीवर त्यानं चाळीस वर्षं काढली. पण त्याला कुणी विचारलं की तू काय करतोस, तर तो शेताचं नाव घ्यायचा नाही. म्हणायचा, "मी बूमबूम फुंकतो."

आमच्या जिंग-पिंगला, म्हणजे डोंगरातल्या नाचाच्या संगीताला, चार वाद्यं लागतात. अकॉर्डियन गाणं सांगतं. बकऱ्याच्या कातड्याचा तंबाल पाय उचलायला लावतो. ग्वाज मधल्या मध्ये कुजबुजत राहते. ती मी वाजवते. पत्र्याची नळी, खिळ्यानं टोचून खरखरीत केलेली, आत कर्दळीचं बी. आणि या सगळ्यांच्या खाली, घराखाली जोतं असावं तसा, बूमबूम. हातभराहून जास्त लांब अशी एक पोकळ लाकडी नळी, एवढंच ते. तोंड लावून ओठ थरथरवायचे, की पोटातून आल्यासारखा आवाज येतो. त्याला वेगळं गाणं नसतं. तो थांबला तरच कळतं की तो होता.

बूमबूम करायचा तोफझाडाचा. ते झाड आतून तोफेच्या नळीसारखं पोकळ असतं, मध्ये फक्त पातळ पडदे. तापलेल्या लोखंडी गजानं ते पडदे जाळत जायचं. पा फिलोचा बूमबूम त्याच्या बापानं केलेला होता. धुरानं काळा, तोंडापाशी ओठांनी गुळगुळीत झालेला.

त्याच्या लहानपणी शाळेत आमची क्रेओल बोली बोललं तर छडी बसायची, आणि जिंग-पिंग म्हणजे डोंगरातल्या अडाण्यांचा गोंगाट समजला जायचा. पा फिलोनं एकदा बाकाखाली हाताच्या मुठीतून बूमबूमचा आवाज काढला. सहा छड्या. ती गोष्ट सांगताना तो उजवा तळवा पुढे धरायचा, वळ अजून तिथं असल्यासारखा.

"सहा बसल्या, डोरा," तो मला म्हणायचा, "पण दुखलं ते वेगळ्याच कारणानं. सहातली एकही तालात नव्हती."

मग इंग्रजांचा झेंडा उतरला आणि हिरव्या पोपटाचा आमचा झेंडा वर गेला. तेव्हा पा फिलो चोवीस वर्षांचा होता. राजधानीत, रोझोला, पोलिसांचा बँड वाजला म्हणतात. आमच्या गावात झेंडा शाळेच्या अंगणात एका बांबूवर चढला, आणि खाली बापाशेजारी उभं राहून पा फिलोनं बूमबूम फुंकला. छडी मारणारे गुरुजी पुढच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. तालात नव्हत्याच, असं पा फिलो सांगायचा.

तेव्हापासून दर तीन नोव्हेंबरला झेंडा आणि बूमबूम ही जोडी आमच्या गावात कधी तुटली नाही. मग ते मोठं वादळ आलं. छपरं गेली, पूल गेला, डोंगर जाळल्यासारखे तपकिरी झाले. पा फिलोच्या घराचा पत्रा गेला आणि पत्र्याखाली टांगलेला बापाचा बूमबूमही गेला. पत्रा ओढ्यात सापडला. बूमबूम सापडला नाही.

दोन वर्षं कुणी वाजवलं नाही. वाजवायला बसायचं कुठं, हाच प्रश्न होता. पण उघड्या पडलेल्या डोंगरावर सगळ्यांत आधी उगवतं ते तोफझाडच. बाकीची झाडं अजून विचार करत असतात, तोवर ते डोक्याच्या वर गेलेलं असतं. पा फिलो दर रविवारी प्रार्थना संपली की झाडं बघून यायचा आणि माझ्या दारात थांबून सांगायचा, "अजून मनगटाएवढीच आहेत. पोटरीएवढी होऊ देत."

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पत्र आलं. शाळेचा मास्तर, व्हॅलमाँड, आमच्यात अकॉर्डियन वाजवतो. तो ते घेऊन पा फिलोच्या ओट्यावर आला. मी होते, तंबालवाला लेनॉक्सही होता. लेनॉक्स म्हणजे आमच्या गावची बस. बस त्याची, चालवतो तोच, आणि गावातली प्रत्येक बातमीही त्याच बसमधून फिरते.

"पा, स्वातंत्र्याच्या सणाची स्पर्धा," मास्तर म्हणाला. "वादळानंतर पहिल्यांदाच. आपलं नाव यादीत आहे. सव्वीस तारखेला रोझोत."

"म्हणजे चोवीस दिवस," लेनॉक्स म्हणाला. "आणि बूमबूम?"

अमावस्या होऊन चारच दिवस झाले होते. चंद्र उतरायला लागायला अजून दहा-बारा दिवस, आणि त्यानंतर लाकूड वाळायला निदान तीन आठवडे. हिशेब सगळ्यांनाच येत होता.

मास्तर जरा घुटमळत म्हणाला, "एक सुचवू का, पा? रागावू नका. हल्ली पुष्कळ गावं नळाचा प्लास्टिकचा पाइप वापरतात. नियमात घरी बनवलेलं वाद्य असं लिहिलंय. पाइप आपण घरी कापला, तर..."

"मास्तर," पा फिलो म्हणाला, "पाण्याच्या नळातून पाणी बोलतं."

"अहो, आवाज तोच येतो."

"पोपटही माणसासारखा बोलतो. म्हणून त्याला मत द्यायला नेतोस का?"

लेनॉक्स हसला. "नेला असता, पा. मागच्या निवडणुकीत निवडून आलेल्यापेक्षा बरा निघाला असता."

पण पा फिलो हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बूमबूम आहे. स्वयंपाकाच्या खोपटात धुरावर टांगलाय. मार्चमधल्या उतरत्या चंद्रात तोडला. ओढ्याकाठी एकच जाड झाड होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या तोंडात काही राहत नाही."

त्याची बायको, मा ऑलिव्हेत, उंबऱ्यात बसून हिरवी केळी सोलत होती. तिचा सुरा मध्येच थांबला. मग पुन्हा चालू झाला. मला वाटलं, बोट कापलं असेल.

चार दिवसांनी तालमीला बूमबूम आला. आवाज भरदार होता. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला आणि शेजारच्या घरातून म्हाताऱ्या बायका हात पुसत बाहेर आल्या. एकीनं तर आमच्या समोरच्या चिखलात दोन गिरक्या घेतल्या. मी मध्ये एकदा बूमबूम हातात घेतला. जड लागला. टोकाशी धुराचा रंग होता, पण वासात कच्चेपणा होता, कापलेल्या फांदीचा असतो तसा. माझ्या मनात आलं, विचारावं. पण पा फिलोला लाकडाविषयी विचारणं म्हणजे पाद्रीबाबांना येशूचं नाव नीट आठवतंय का असं विचारण्यासारखं. मी तो त्याच्या हातात परत दिला.

सव्वीस तारखेला लेनॉक्सच्या बसमधून निघालो. मी आणि मा ऑलिव्हेत मद्रासी चौकडीचे घोळदार झगे घालून, डोक्याला त्याच कापडाची टोकदार गाठ मारून. बसमध्ये अख्खं गाव कोंबलेलं, त्यामुळे वाद्यं टपावर बांधली. दीड तास घाट, आणि वर ऊन असं, की टपावर मासा ठेवला असता तर रोझोला पोचेपर्यंत तळून निघाला असता.

मंचामागे समुद्राच्या भिंतीलगत बदामाची मोठी झाडं आहेत. त्यांच्या सावलीत गावोगावचे लोक आपापली वाद्यं ताणत, पुसत बसले होते. आमच्या आधी आंस ग्री होतं. आंस ग्री म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचं समुद्रावरचं गाव. तिथला बूमबूमवाला हेस्केथ. बुटका, गोल, मिश्कील डोळ्यांचा. तीस वर्षांपूर्वी एका सणात पा फिलोनं त्याच्या बूमबूमवर मेणानं बुजवलेलं किडीचं भोक बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, "आंस ग्रीवाल्यांना चंद्र समुद्रातल्या पाण्यात बघायची सवय. त्यांना तो उलटाच दिसतो." गर्दी हसली. हेस्केथ हसला नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता, आणि पा फिलो त्या गावात पाऊल टाकत नव्हता.

आंस ग्री वाजवून खाली उतरलं. छान वाजवलं होतं. पा फिलोनं आपला बूमबूम दोरीतून सोडवला, तोंडाला लावला आणि हलकेच फुंकला.

फुस्स.

त्यानं ओठ पुसले, पुन्हा फुंकला. आजारी कोंबडी घशातून काढते तसा आवाज आला. मी जवळ जाऊन बघितलं. तोंडापासून खालपर्यंत केसासारखी बारीक भेग होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती आणखी एक बोट खाली सरकली.

मास्तरचा चेहरा उतरला. लेनॉक्स म्हणाला, "कोपऱ्यावर नळाचं दुकान आहे. पाच मिनिटांत पाइप आणतो."

"नको," पा फिलो म्हणाला.

"पा, पुढचं नाव आपलं आहे!"

"नको म्हटलं ना."

"मग काय, तोंडानं बूंबूं करणार?"

मा ऑलिव्हेत आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि फक्त एवढं म्हणाली, "फिलो, सांग."

तेवढ्यात मागून आवाज आला. "कुठल्या चंद्रातलं रे?"

हेस्केथ. बदामाच्या बुंध्याला टेकून, बूमबूम काखेत मारून उभा. त्याच्या गावचे पाच-सहा जण सोबत.

पा फिलोनं भेगेवर अंगठा दाबून धरला होता. तो काढला नाही.

"फिलो, मी विचारलं, कुठल्या चंद्रातलं?"

"चढत्या," पा फिलो म्हणाला.

"जरा मोठ्यानं. माझा डावा कान गेलाय."

"चढत्या."

"कितवा दिवस?"

"पाचवा. या महिन्याचा."

आंस ग्रीवाले असे हसले, की शेजारच्या गावाचे लोक काय झालं म्हणून उठून बघायला लागले. लेनॉक्सनं डोक्यावर हात मारला. माझ्या लक्षात आलं. पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पहाटे, त्यानं तो तोडला होता. खोपटात रात्रंदिवस शेगडी पेटवून धुरावर धरला होता. आणि आम्हाला मार्च सांगितला होता. जो माणूस आयुष्यभर चंद्राकडे बघितल्याशिवाय दातकोरणंसुद्धा तोडत नव्हता, त्यानं.

हेस्केथही हसला, पण थोडाच. मग त्यानं हसणं मध्येच आवरलं, आणि त्याच्या गावचे लोकही एकेक करून गप्प झाले. त्यानं आपला बूमबूम सदऱ्याच्या टोकानं पुसला, तोंडाची बाजू दोनदा पुसली, आणि पुढे केला.

"घे. पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशीचा आहे. फुंकर तुझी घाल."

आमच्यात बूमबूम कुणी कुणाला देत नाही. तोंडाला लागलेली वस्तू आहे. पा फिलोनं दोन्ही हातांनी घेतला.

मंचावर जाताना मास्तर त्याच्या कानाशी लागला. मी ऐकलं. "पा, वाद्यं कुठली ते सांगावं लागेल. मॉर्न फिगचीच म्हणा. लाकूड काय बोलणार आहे? आणि हेस्केथ काही सांगायचा नाही."

ते खरं होतं. हेस्केथ सांगणार नव्हता. दिलं म्हणजे दिलं.

माईकवरच्या बाईनं आमचं नाव घेतलं आणि विचारलं, "मॉर्न फिग, तुमची वाद्यं कुणी केली?"

पा फिलो पुढे झाला. समोर सगळं मैदान, मद्रासी चौकड्यांनी भरलेलं, मध्ये मध्ये पोपटाचे झेंडे. तो सावकाश, क्रेओलमध्ये बोलला, छडी खाल्लेल्या त्याच बोलीत.

"अकॉर्डियन मास्तरच्या आज्यानं बोटीवरून आणलं. ग्वाज डोरानं स्वतः टोचली. तंबालातला बकरा लेनॉक्सचा. भारी द्वाड होता, अजूनही ऐकत नाही." लोक हसले. "आणि हा बूमबूम आंस ग्रीच्या हेस्केथचा. माझा तडकला. मी तो चढत्या चंद्रात तोडला, आणि माझ्या माणसांना सांगितलं की जुना आहे. नळाचा पाइप नको होता. आणि माझ्याशिवाय आपला झेंडा वर जाईल, हेही नको होतं."

पंचांपैकी एकानं कागदावर काहीतरी खोडलं, ते मला वरून दिसलं.

मग पा फिलोनं श्वास भरला.

मी चाळीस वर्षं ग्वाज घासते आहे. तो दिवस वेगळा होता, यापलीकडे मला सांगता येत नाही. परक्याच्या बूमबूमचा आवाज आमच्यापेक्षा जरा खालचा होता, ओल्या वाळूसारखा. मास्तरनं पहिला फेरा धरला, आणि दुसऱ्या फेऱ्याला त्यालाच सूर खाली आणावा लागला, तशी माझी ग्वाज सावकाश झाली, लेनॉक्सचा बकराही ऐकायला लागला. समोर म्हाताऱ्या बायका चौघींचे चौक करून उभ्या राहिल्या. झग्याचं टोक दोन बोटांत धरून, हनुवटी वर. आंस ग्रीच्या बायका आणि मॉर्न फिगच्या बायका एकाच चौकात होत्या. कुणी कुणाला विचारलं नाही. पा फिलोच्या मानेची शीर फुगलेली, डोळे मिटलेले. मंचाखाली हेस्केथ टाचेनं जमिनीवर ताल देत होता, आणि एकदा पा फिलो जरा मागे पडला तेव्हा त्यानं टाच जोरात आपटून त्याला पुढे ओढलं.

आंस ग्री पहिलं आलं. बूमबूम दुसऱ्या गावचा म्हणून आमचे वाद्याचे गुण कापले. आम्ही चौथे.

परतीच्या बसमध्ये लेनॉक्स घाटभर कुरकुरत राहिला. "चौथे! गप्प राहिला असतास पा, तर दुसरे तरी आलो असतो. खरं बोलायला तुला बरा मुहूर्त सापडला."

"तू पुढे बघ," मा ऑलिव्हेत म्हणाली. "बस दरीत गेली तर पाचवे येऊ."

पा फिलो खिडकीशी बसला होता. मांडीवर हेस्केथचा बूमबूम. निघताना हेस्केथनं तो परत घेतला नव्हता. म्हणाला होता, "आज माझ्या हातात बक्षिसाची ढाल आहे, जड होतंय. उद्या आणून दे. तू स्वतः. बसनं नको, जुन्या वाटेनं डोंगर ओलांडून ये. तीन तारखेला आमच्या झेंड्याला लागेल तो." आणि थोडं थांबून, "तुझा नवा नाही झाला तर तूही तिथंच उभा राहा. झेंडा काय, एकच आहे."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी त्यांच्या ओट्यावर गेले. मा ऑलिव्हेतनं तिच्या डोक्याचं मद्रासी कापड काढून बूमबूमला गुंडाळलं होतं. पा फिलोनं स्वच्छ सदरा घातला होता. पाठीवरच्या पिशवीत अळकुड्या आणि एक भाजलेला नीरफणस.

"मी येऊ का सोबत?" मी विचारलं.

"खोटं मी बोललो, डोरा. तू कशाला पाय दुखवतेस?" मग बायकोकडे वळून जरा हळू आवाजात, "काय काय म्हणेल गं तो?"

"म्हणू दे की. तीस वर्षांचं साठलंय त्याच्याकडे. तिथं जेवूनच ये, उपाशी ऐकून घ्यायला जड जाईल."

तो निघाला. जुनी वाट शाळेच्या मागून वर चढते. वादळानंतर कुणी चालत नव्हतं, त्यामुळे गुडघाभर गवत. दरड कोसळलेल्या जागी नव्या तोफझाडांची गर्दी आहे, वाऱ्यानं पानं उलटली की पांढरी दिसतात. खांद्यावर ती चौकडीची गुंडाळी, करकोच्यासारखे पाय उचलत तो त्या पांढऱ्या पानांत शिरला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा वरच्या वळणावर दिसला, आता अंगठ्याएवढा. खाली रस्त्यावर लेनॉक्स बस धूत होता. तो ओला फडका हातात धरून उभा राहिला आणि वर बघत राहिला. काहीतरी टोमणा मारेल असं मला वाटलं. मारला नाही.

"टोपी विसरला," मा ऑलिव्हेत म्हणाली. टोपी तिच्याच हातात होती. पण तिनं हाक मारली नाही. आम्ही तिघं तो डोंगरमाथ्यावर पोचेपर्यंत तसेच उभे होतो. मग तो पलीकडच्या बाजूला उतरला.